खंडित तबकड्यांचे विसर्जन

२ जानेवारी २००५, रविवार

सूनबाई शुभांगी आज दुपारच्या गाडीने पुण्यास परतली. चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, मशीन काय म्हणतं ते रोज लिहून ठेवा. एरर आली की शब्दन्‌शब्द उतरवून घ्या, म्हणजे मला फोनवर कळेल." यंत्राच्या तक्रारींसाठी एवढी चांगली वही खर्ची घालणे जिवावर आले. म्हणून तीत यंत्राबरोबर माझेही लिहीन.

प्रसंग असा. माझी थोरली बहीण चंद्रभागा, जिला सारे मखमलाबाद गाव अक्का म्हणते, हिच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली आहे. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढले तर जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध सांगितला आहे. अक्का निरक्षर आहे, परंतु जात्यावरच्या ओव्यांचे भांडार आहे. आईकडून तिने त्या घेतल्या, आईने येवल्याच्या आजीकडून. तिच्यानंतर घेणारे कोणी नाही. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, देवळात पोथ्या सांगितल्या. ओव्या मात्र अर्धवट झोपेत तेवढ्या ऐकल्या, पहाटे ती गुलाब खुडीत असताना, खिडकीतून धुक्याबरोबर आत आलेल्या.

तेव्हा तिचा आवाज संगणकात भरावा आणि तेथून तबकड्यांवर उतरवावा असे ठरले. सीडीला मी तबकडी म्हणतो. संगणक जुना, त्याच्या पोटातून मधूनच टकटक ऐकू येते. "ही हार्ड डिस्क कधीही दगा देईल, बॅकअप लगेच घेत जा," असे शुभांगीने बजावले आहे. तिने त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली. ती म्हणे कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून रचली आणि मोकळ्या हाताने वाटली. विद्या विकू नये हा दंडक परदेशातही कोणी पाळतो, हे ऐकून फार बरे वाटले.

५ जानेवारी, बुधवार

पहिले ध्वनिमुद्रण झाले. प्रत्येक बैठकीच्या आरंभी यथासांग संकल्प असावा असे मी योजिले आहे. संवत्सर, अयन, ऋतू, गोदावरीचा उत्तर तीर, आमचे कूळ, अक्काचा परिचय आणि नंतर ओवी या छंदाविषयी थोडे निरूपण. हे चालले असता अक्का पदराशी चाळा करीत बसली होती.

"झालं का रं खंडू तुझं? माझा चा गार झाला."

आवाज घोगरा झाला आहे, पण त्यात अजून ओल आहे. तिने डोळे मिटले आणि हात आपोआप जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरू लागला.

पंचवटीच्या रानात, सीता येचिती सरपण,
तिच्या हातातला काटा, काढाया गं आलं कोण.

मी थांबवले. "अक्का, समिधा आणि इंधन आणण्याचे काम लक्ष्मणाकडे होते. सीतामाई सरपणाला गेल्याचा आधार कोठेही सापडत नाही."

"तू व्हतास का तिथं?"

"ग्रंथांत आहे."

"ग्रंथ लिव्हणारा कधी चुलीपाशी बसला व्हता का?"

सौ. दारात गवार मोडीत बसली होती. तिला हसू आवरेना. हे सारे यंत्रात गेले. गाळावे कसे हे मला येत नाही.

६ जानेवारी, गुरुवार

आज पहिली तबकडी लिहिली. यंत्र तंबोऱ्यासारखे एका सुरात घुमत होते, त्याचा दिवा लुकलुकत होता. मी समोर पाटावर बसून होतो. वाटले, आतमध्ये कोणी अदृश्य लेखक अक्काचा श्वासन्‌श्वास बोरूने कोरीत आहे.

लेखन संपताच यंत्राचा ट्रे आपोआप बाहेर आला. तबकडी किंचित उष्ण होती, नैवेद्य दाखवून परत आलेल्या ताटासारखी. परंतु क्षणभर थांबून तो ट्रे पुन्हा आत जाऊ लागला. जे दिले तेच यंत्र परत गिळू पाहते, हे लक्षात येताच मी झडप घालून तबकडी उचलली. या वयातही हात चपळ आहे. ट्रे रिकामाच आत गेला.

थोड्याच वेळात पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली: व्हेरिफिकेशन फेल्ड.

शुभांगीने सांगितले होते की, लेखनानंतर यंत्र स्वतःच मूळ आणि प्रत शेजारी ठेवून ताडून पाहते. ही काळजी मला फार आवडली होती. आता त्याने ताडून पाहिले आणि प्रत अमान्य केली. मनाला लागले.

९ जानेवारी, रविवार

पुन्हा लिहिले, पुन्हा अमान्य. काल स्नान करून, धूतवस्त्र नेसून लिहिले, तरी तेच. शुभांगीला दूरध्वनी केला.

"स्पीड किती ठेवला होतात, बाबा?"

"जो होता तोच."

"सगळ्यात कमी करून बघा. आणि लिहून झाल्यावर ट्रे बाहेर येऊन परत आत जातो ना? तो जायला हवा."

"जातो. बाहेर येतो आणि आत जातो."

"मग तिथपर्यंत ठीक आहे. सीडीचं पाकीट खराब असेल. दुसऱ्या कंपनीच्या आणा."

वेग कमी केला, नवे पाकीट आणले. तबकडी गोगलगायीच्या गतीने लिहिली गेली. मी तितक्याच तत्परतेने ती उचलली. फेल्ड.

११ जानेवारी, मंगळवार

एक प्रश्न दोन दिवस मनात घोळत होता. या अमान्य तबकड्यांचे काय करावे? त्यांवर अक्काचा आवाज आहे, पण सदोष. ज्या मूर्तीचा अवयव भंगला ती पूजेत राहत नाही. तिला अडगळीत टाकीत नाहीत, फेकूनही देत नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात. वाणी हीही देवताच. निर्णय झाला, तेव्हा मन हलके झाले.

तबकड्या कोऱ्या फडक्यावर मांडल्या, अक्षता आणि एकेक गुलाब वाहिला. उद्या बुधवार, सौ. भाजी आणि फुले घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात बसते. तिला सांगितले, "निर्माल्याबरोबर यांचेही विसर्जन कर."

तिने एक तबकडी उचलून उजेडात फिरवली. "इतक्या चकचकीत? गंगेत?"

"गंगेत."

"बरं," म्हणाली.

१२ जानेवारी, बुधवार

सौ. सायंकाळी परतली. विचारले, "झाले का?"

"लावली सोय."

पुढेही जी तबकडी खंडित निघेल ती बुधवारी तिच्या हवाली करायची, असा नेम ठरवला.

२१ जानेवारी, शुक्रवार, एकादशी

आज जे पाहिले ते लिहावे की नाही, असा संभ्रम होता. लिहितो.

सकाळी पूजेला बसलो असता देवघराच्या भिंतीवर प्रकाशाचे एक वर्तुळ आले. त्याच्या कडेला इंद्रधनुष्याची किनार. ते पाण्यावर तरंगल्यासारखे हळूहळू सरकत छतावर गेले, तोच दुसरे आले, मग तिसरे. देवांच्या मुखांवरून ती वर्तुळे फिरत होती. मी नाम घेणे विसरलो. किती वेळ तसा बसलो होतो कोण जाणे. खिडकीबाहेर द्राक्षबाग होती, धुके वर उचलत होते, आणि त्या धुक्यातही ठिकठिकाणी काहीतरी चमकून विझत होते.

अनेक वर्षे ज्या तेजाविषयी देवळात बोललो, त्याचा हा कवडसा असेल का? की मोतीबिंदू? दोन्ही शक्यता प्रामाणिकपणे मांडून ठेवतो.

सौ.ला विचारले. "ऊन असंल," म्हणाली आणि भाकरी थापायला वळली. अक्काला सांगितले, तर ती पदर तोंडाला लावून खोकू लागली. तो खोकला होता की हसू, सांगता येत नाही.

यंदा द्राक्षांवर साळुंक्या-बुलबुल उतरत नाहीत, असे गडी म्हणत होता. मला नवल वाटले नाही. घरात काहीतरी मंगल चालले आहे.

२८ जानेवारी, शुक्रवार

संगणक रिक्षात घालून रविवार कारंजाच्या चौकात चंदरच्या दुकानी नेला. चंदर पूर्वी माझा विद्यार्थी, आता संगणक दुरुस्त करतो. रूपे त्याला तेव्हाही पाठ होत नसत.

"सर, हे लिनक्स काढून टाका बघू. नेहमीचं टाकून देतो. कुठं ह्या वयात नसती कटकट?"

"सूनबाईने घातले आहे."

"मग राहू द्या," तो लगेच म्हणाला. त्याचेही लग्न झाले आहे.

त्याने आपली तबकडी घालून लिहून पाहिले. मला चहा सांगितला होता, मी बाकावर बसून होतो. आतून ओरडला, "सर, एक नंबर! पडताळणीसुद्धा पास. ड्राइव्ह ठणठणीत हाय."

घरी आणून मी लिहिले. फेल्ड.

म्हणजे यंत्र निर्दोष आहे. चंदरच्या हातून जे साधते ते माझ्या हातून साधत नाही. मी रिक्षापासून आतापर्यंतचे आपले आचरण आठवून पाहिले. रिक्षावाल्याशी थोडा वाद घातला होता.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वप्न पडले. गंगा उलटी वाहत होती, त्र्यंबकाच्या दिशेने, आणि पाण्याच्या तळाशी घराघरांतील बायका दळत बसल्या होत्या. जाती फिरत होती, पीठ मात्र पडत नव्हते. पिठाऐवजी उजेड सांडत होता. मी काठावरून विचारीत होतो, "अक्का कोणती?" त्या सर्वजणी एकदम माझ्याकडे पाहून गप्प झाल्या.

जागा झालो तेव्हा बाहेर अक्का गात होती, पण ओळीच्या अखेरीस आवाज तुटत होता. आता ती एका बैठकीत थोड्याच ओव्या म्हणू शकते. माझे निरूपण आटोपेपर्यंत कधी कधी तिला दम लागतो. ते थोडे आखूड करावे असे मनात येते. पण आरंभ यथासांग नसेल तर पुढचे फळ कसे मिळावे?

१५ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

अखेरची बैठक. अंगणात गोवरीवर दूध उतू घालवले, सूर्याला अर्घ्य दिले. पर्वकाळ म्हणून संकल्प विस्ताराने केला. अक्का उन्हात बसून होती, शालीत गुरफटलेली. मध्येच म्हणाली, "खंडू, देवाला ठावं हाय आपण कुठं ऱ्हातो."

मग तिने गायले. मी यंत्राच्या काट्याकडे पाहत होतो, आवाज किती वर जातो, किती खाली. शब्द नीट ऐकले नाहीत. ऐकायला पुढे तबकडी आहेच, असे वाटले. शेवटी तिने गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "बास. संपलं पीठ."

दुपारी लिहिले. उपवास होता, मन शांत होते. तबकडी हातात घेतली तेव्हा डोळे मिटून प्रार्थना केली. डोळे उघडले तर तीच तांबडी अक्षरे.

शुभांगी म्हणते, "मी मार्चमध्ये येते, तोवर सगळं हार्ड डिस्कवर आहे, घाबरू नका." उद्या सौ. बाजारात जाईल, तेव्हा हीही देईन.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

शस्त्रक्रिया काल पार पडली. अक्का शुद्धीवर आहे. गळ्याला छिद्र, त्यातून श्वास येतो-जातो, बासरीतून फुंकर वाया जावी तसा. तिने माझ्याकडे पाहून ओठ हलवले. काहीही ऐकू आले नाही. मी "हो, हो" म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते मलाही ठाऊक नाही.

३ मार्च, गुरुवार

वीज गेली, आली, पुन्हा गेली. हल्ली भारनियमनाला धरबंध नाही. सायंकाळी यंत्र चालू केले तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आणि आतून ती टकटक, आता सलग, कोणी दार ठोठावीत असल्यासारखी. मग तीही थांबली.

शुभांगीला कळवले. "येते रविवारी," एवढेच म्हणाली.

६ मार्च, रविवार

आजचे जसे घडले तसे लिहितो.

शुभांगी पहाटेच्या गाडीने आली. सोबत नवी हार्ड डिस्क आणि आपला लॅपटॉप आणला. जुनी डिस्क तिने कानाशी धरली, हलवली, पुन्हा जोडून पाहिली आणि मान हलवली. मग नवी बसवून, प्रणाली घालून मला म्हणाली, "आता तुम्ही नेहमी करता तसं करून दाखवा. काहीही लिहा. मी फक्त बघते."

मी कोरी तबकडी घातली. लेखन झाले. ट्रे बाहेर आला, मी हात घातला...

"बाबा!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की सौ. परसातून धावत आली.

"तुम्ही सीडी का काढली?"

"यंत्राने दिली म्हणून."

"अहो, ते देत नाहीये! तपासण्यासाठी एकदा बाहेर काढून परत आत घेतंय. आत गेल्यावर वाचून बघणार ना ते! तुम्ही दर वेळी... दर वेळी काढत होतात?"

"चपळाईने," मी म्हणालो. खरे तेच सांगितले.

ती खुर्चीत बसली. आधी हसली, मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे सीडी सगळ्या चांगल्या आहेत! लिहिणं पूर्ण झालेलं होतं. रिकाम्या ट्रेमध्ये काय तपासणार ते, म्हणून फेल म्हणत होतं. बाबा, काही गेलेलं नाही. आणा त्या सगळ्या सीडी."

गळ्यात छिद्र अक्काच्या, आणि मुका मी. अखेर म्हणालो, "त्या गंगार्पण केल्या."

"काय केल्या?"

"खंडित समजून. दर बुधवारी. हिच्या हातून."

शुभांगीने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात सौ. पदराला हात पुशीत म्हणाली, "मी काय म्हणते, गंगेत नाय टाकल्या मी."

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहू लागलो.

"चांगल्या चकचकीत वस्तू. पाण्यात टाकायला जीव व्हईना. आणि पाखरं द्राक्षं ठेवीनात. वन्सं म्हणल्या, बांध तारंला. दोन-दोन पाठीला पाठ लावून सुतळीनं बांधल्या. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाप लागंल म्हणून उतरवायला लावलं असतं."

मी खिडकीकडे पाहिले. द्राक्षबागेवर ऊन पडले होते. वेलींमधून ती वर्तुळे संथपणे फिरत होती, उजळत होती, मावळत होती. एक कवडसा आत आला आणि देवघराच्या भिंतीवरून, नेहमीच्या वाटेने, छताकडे गेला.

शुभांगी अनवाणीच बागेत धावली.

७ मार्च, सोमवार

तबकड्या दिवसभर धुतल्या, पुसल्या. कित्येक आठवड्यांच्या उन्हाने त्यांचा रंग उडाला आहे. वाऱ्याने तारेवर घासून ओरखडे पडले आहेत, काठाला सर्वांत जास्त. वाचता येईल तेवढे खरवडून घेणारी काही आज्ञा शुभांगी लॅपटॉपवर पुनःपुन्हा देत होती. यंत्र अडखळे, मागे जाई, पुन्हा प्रयत्न करी. वृद्ध माणसाने धूसर पोथी डोळ्यांशी नेऊन वाचावी तसे.

सायंकाळी तिने पहिला आवाज लावला. स्वच्छ, खणखणीत.

माझा.

"तारणनाम संवत्सरे, उत्तरायणे..." कूळ झाले, परिचय झाला, छंदाचे निरूपण झाले. मग अक्काच्या दोन-तीन ओव्या. मग खरखर. मग शांतता.

दुसऱ्या तबकडीवर तेच. तिसरीवर तेच.

"बाबा," शुभांगी हळू म्हणाली, "सीडी आतून बाहेर लिहिली जाते. आधी रेकॉर्ड झालेलं मधल्या भोकाजवळ असतं, नंतरचं कडेला. आणि ह्यांच्या कडा गेल्यात."

म्हणजे आतल्या, सुरक्षित भागात मी. बाहेर, उन्हावाऱ्यात अक्का.

रथसप्तमीच्या तबकडीवर माझा विस्तार सर्वांत मोठा. त्याच्या मध्येच अक्काचे ते "देवाला ठावं हाय" स्पष्ट ऐकू येते. पुढे एका ओवीचा पहिला चरण, आणि मग काहीच नाही.

जेवण गेले नाही. शुभांगीने माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "दोन-तीन, दोन-तीन करत बऱ्याच जमल्या की, बाबा." तिने सांत्वन म्हणून म्हटले. मी भाताकडे पाहत राहिलो.

८ मार्च, मंगळवार, महाशिवरात्र

उपवास. देवळात निरूपणाला गेलो नाही. प्रकृतीचे कारण सांगितले.

१९ मार्च, शनिवार

अक्का घरी आली. गळ्यावर पांढरे फडके आहे. अंग वाळले आहे, पण डोळे तेच. तिला खाटेवर बसवून मी सारे सांगितले. ट्रे, झडप, विसर्जन, ऊन. वाटले, रागावेल. तिचे खांदे हलू लागले, फडक्यातून फुसफुस श्वास येऊ लागला. सौ. घाबरून धावली. मग आमच्या लक्षात आले की ती हसते आहे.

शुभांगीने वाचलेले सर्व एकत्र करून, नव्या तबकड्यांवर उतरवून, पडताळून ठेवले आहे. ते ऐकवले. आपलाच आवाज ऐकताना अक्काचा हात फिरू लागला, खुंटा धरल्यासारखा. माझे निरूपण आले की तो थांबे, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसे.

जेथे ओवी तुटते तेथे सौ. कधी पुढचा चरण उचलते. चाळीस वर्षे शेजारी दळले, तेव्हा काही तिला येतात. काही दोघींनाही आता जुळत नाहीत. अक्का ओठ हलवते, सौ. मान हलवते, आणि ती ओवी तेथेच राहते. गेली ती गेली. मी लिहून घेतो, बोलत नाही.

३० मार्च, बुधवार

रथसप्तमीची ती अर्धी ओवी आज काढली.

गुलाबाच्या मळ्यामंदी, दहिवर भिजवी पाय...

एवढेच आहे. सौ. म्हणाली, "ही मी कधीच नाय ऐकली." अक्काने आपल्या छातीवर हात ठेवला. तिची स्वतःची आहे. कोणाकडून आलेली नाही.

"पुढे काय, अक्का?"

ओठ हलले. कळले नाही. तिने दोन्ही हात कमरेपाशी नेऊन काहीतरी उचलून धरल्यासारखे केले आणि डोलू लागली.

"मूल," सौ. म्हणाली. "कडंवर पोर."

अक्काने माझ्याकडे बोट दाखवले.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्का गुलाबांच्या तोडणीला मला कडेवर घेऊन जाई, असे गावातली म्हातारी माणसे सांगत. मला त्यातले काही आठवत नाही.

"कडंवर बंधुराया," सौ. म्हणाली. अक्काने जोराने मान डोलावली. हो, हो. मग तिने खिडकीतल्या उन्हाकडे बोट केले.

"सूर्य," मी म्हणालो. नाही. "तेज? ज्योती?" नाही. "आत्मप्रकाश?"

तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, ऊन! साधं ऊन," सौ. म्हणाली. अक्काने टाळी वाजवली. पण चरण अजून पुरा होत नव्हता. पाय या शब्दाशी जुळणारे काही हवे होते. मी छाया म्हणून पाहिले, काया म्हणून पाहिले. अक्का खाटेवरून उतरली. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. सौ. "वन्सं, पडाल" म्हणत मागे गेली. अक्का परत आली तेव्हा तिचे एक बोट वर धरलेले होते, त्यावरून पांढरे काहीतरी ओघळत होते. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हनुवटी धरून तिने ते बोट माझ्या तोंडात घातले.

गार, दाट, किंचित गोड. साय.

कडंवर बंधुराया, त्याला उन्हाची गं साय.

तिचे पाय दवात, आणि मी वर, तिच्या कडेवर, तेवढ्या उन्हात.

मी ती ओवी म्हटली. संकल्प केला नाही, यंत्रही लावले नाही. माझा स्वर बेसूर, चाल चुकलेली. अक्काने नाही म्हणून मान हलवली, माझा हात धरून जात्याचा खुंटा फिरवावा तसा फिरवला, आणि पुन्हा म्हणण्याची खूण केली. मी पुन्हा म्हटली. तिने पुन्हा मान हलवली.